तळपायाची आग आणि न कळणारी जखम

पायातली चप्पल कधी निसटली ते कळलंच नाही, मागून कुणीतरी हाक मारून सांगितलं तेव्हा खाली बघितलं. घरात किंवा शेजारीपाजारी कुणी अशी तक्रार केली तर ती हसण्यावारी नेऊ नका. त्याच माणसाच्या तळव्यांची रात्री आग होत असेल, बोटांत सुया टोचल्यासारखं होत असेल, पायावर चादरसुद्धा नकोशी वाटत असेल, तर बहुतेक वेळा या सगळ्याचं मूळ एकच असतं. पायांच्या संवेदना मेंदूपर्यंत नेणारे मज्जातंतू, ज्यांना आपण बोलताना नसा म्हणतो, ते खराब होऊ लागलेले असतात. डॉक्टर या आजाराला न्यूरोपथी म्हणतात.

माझ्या आईला हे दुखणं आहे. आम्ही मालवण तालुक्यात समुद्राच्या कडेला राहतो. तिच्याबरोबर दवाखान्यात जाता-येता, डॉक्टरांना खोदून खोदून विचारताना आणि रोज तिचे पाय बघताना बरंच काही समजत गेलं. त्यातलं एक मला ठासून सांगायचंय. आग होते तेव्हा आपण धावाधाव करतो, आणि आग कमी करायचे उपाय आहेतही. पण पाय जातो तो बहुतेक वेळा आगीमुळे नाही, बधिरपणामुळे जातो. म्हणून या लेखात दोन्हींबद्दल बोलायचं आहे, आणि बधिर पायाबद्दल जरा जास्तच.

सुरुवात पायांपासूनच का

पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरातले सगळ्यात लांब. कमरेच्या मणक्याजवळून निघून अंगठ्यापर्यंत पोचायचं म्हणजे जवळजवळ एक मीटरचा प्रवास. तंतूची मूळ पेशी असते तिकडे वर, कण्याजवळ. तंतू धडधाकट ठेवायला लागणारा सगळा माल तिथे तयार होतो आणि हळूहळू खाली पोचवला जातो. पोफळीच्या बागेत पाटाला पाणी कमी झालं की उगमाजवळची झाडं तग धरतात, पहिली सुकते ती अगदी टोकाची रांग. इथे तसंच होतं. रक्तातल्या साखरेने, एखाद्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा एखाद्या औषधाने तंतूंची ताकद कमी झाली, की पहिला फटका बसतो टोकाला, म्हणजे पायाच्या बोटांना.

म्हणूनच हे दुखणं सहसा दोन्ही पायांत एकदमच येतं. बोटांपासून तळव्याकडे, तिथून घोट्याकडे, मोजा वर ओढत न्यावा तसं ते चढतं. गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हाताच्या बोटांच्या टोकांनाही मुंग्या येऊ लागतात. एकाच पायात कंबरेपासून खाली कळ जात असेल तर तो प्रकार वेगळा, तिथे मणक्याजवळ नस दबल्याची शक्यता जास्त. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत जीवघेणी कळ येते आणि चार पावलं चाललं की सैल होते, हे टाचेखालच्या पडद्याचं दुखणं. आणि थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, उभं राहिलं की थांबतं, असं असेल तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात का ते बघायला हवं, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी. हे सगळे प्रकार एकाच माणसात एकत्रही असू शकतात, त्यामुळे निदान घरच्या घरी करू नये.

मज्जातंतूंमध्ये दोन मोठे गट असतात. बारीक तंतू गरम, गार आणि वेदना कळवतात. जाड तंतू स्पर्श आणि कंप कळवतात, आणि पाय नेमका कुठे टेकलाय हेही. बारीक तंतू दुखावले की ते गप्प बसत नाहीत. बाहेर काहीच घडलेलं नसताना आपणहून संदेश पाठवत राहतात, आणि मेंदूला तो संदेश खराच वाटतो. म्हणून आई म्हणते पाय पेटलेत, आणि हात लावून बघावं तर तळवा गार लागतो. ती नाटक करत नसते. आग खरी असते, फक्त ती कातडीत नसून तंतूत असते. घरातल्यांनी एवढं समजून घेतलं तरी दुखणेकऱ्याचा अर्धा मनस्ताप कमी होतो, कारण वरून पाय अगदी धडधाकट दिसतात आणि रोज रोज तेच काय सांगायचं म्हणून माणूस बोलायचं सोडून देतो.

रात्री त्रास वाढतो तो बऱ्याच अंशी यामुळे, की दिवसा कामात, बोलण्यात मन गुंतलेलं असतं. दिवा मालवला की मेंदूकडे पायांचे ते खोटे संदेश ऐकण्यापलीकडे दुसरं काही उरत नाही. झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच वेदना जास्त जाणवते, आणि हे चक्र चालू राहतं.

आता एक विचित्र वाटणारी गोष्ट. पाय एकीकडे पेटलेला आणि त्याच पायाला काटा टोचलेला कळत नाही, हे एकाच वेळी असू शकतं. काही तंतू खोटी ओरड करत असतात, काही मरून गेलेले असतात. आणि काही वर्षांनी आग आपोआप कमी झाली तर ती नेहमीच चांगली बातमी नसते. ओरड करणारे तंतूही गेले, म्हणून शांत झालं, असंही असतं. आग थांबली म्हणून पाय तपासायचं थांबवू नका.

कशामुळे होतं

सगळ्यात मोठं कारण मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्या पाहणीत सगळ्यात जास्त प्रमाण निघालं ते आमच्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. किनाऱ्यावरची सगळी माणसं कष्टाळू, मासे-भात खाणारी, मग शुगर कशी होईल, हा समज या आकड्यासमोर टिकत नाही. मधुमेह असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी न्यूरोपथी होते. वाढलेली साखर तंतूंना थेट इजा करते आणि तंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही खराब करते. काहींच्या बाबतीत तर पायांची जळजळ आधी आणि मधुमेहाचं निदान नंतर, असा उलटा क्रम असतो.

दुसरं, आणि सहज दुरुस्त होणारं कारण, बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता. ते फक्त प्राणिजन्य अन्नातून मिळतं. बांगडा, तारली हे मासे आणि तिसऱ्या म्हणजे शिंपल्या यांत ते भरपूर असतं, दुधातही असतं. त्यामुळे रोज मासे खाणाऱ्यांना वाटतं की आपला याच्याशी संबंध नाही. पण खाल्लेलं शोषलं जायला हवं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये, आम्लपित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांमध्ये आणि वय झालेल्यांमध्ये ते शोषणच कमी होतं. म्हणजे ताटात बांगडा असूनही रक्तात बी १२ कमी, हे घडू शकतं. रक्ताची तपासणी साधी आहे. कमतरता लवकर सापडली तर इंजेक्शनने किंवा गोळ्यांनी नुकसान थांबतं, बऱ्याचदा भरूनही येतं. उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं. पण मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका, ते चांगलं औषध आहे.

त्यानंतर दारू. अनेक वर्षांचं पिणं तंतूंना विषासारखं असतं, आणि पिणाऱ्याचं खाणं कमी असल्यामुळे बी १ सारखी जीवनसत्त्वंही कमी पडतात. थायरॉइड मंदावणं, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोगावरची काही औषधं, एचआयव्ही, काही घराण्यांत चालत आलेले आजार, ही आणखी काही कारणं. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड या औषधाने पायांत मुंग्या येऊ शकतात, म्हणून त्याच्या जोडीला बी ६ देतात. उलट बी ६ च्या गोळ्या मनाने भरमसाट घेतल्या तर त्यांच्यामुळेच न्यूरोपथी होते. मेडिकलमधून “नसांच्या ताकदीची गोळी” महिनोन्‌महिने आणणाऱ्यांनी पाकिटावर काय लिहिलंय ते एकदा डॉक्टरांना दाखवावं.

एका कारणाबद्दल आपल्याकडे दबक्या आवाजातच बोललं जातं, ते कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, हातापायाचा एखादा भाग बधिर, कोपराजवळची किंवा गुडघ्यामागची नस जाड लागते, असं काही असेल तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, सहा महिने ते वर्षभरात उपचार पूर्ण होतात, आणि वेळेत गेलं तर हातापायांत व्यंग येत नाही. लपवण्यातच सगळं नुकसान आहे.

एवढं सगळं तपासूनही काही जणांत कारण सापडत नाही. तेव्हाही वेदनेवरचे उपाय करता येतातच.

तपासणी: पाच मिनिटं, पण चप्पल काढून

आईची पहिली नीट तपासणी झाली ती मला अजून डोळ्यासमोर दिसते. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. मग एक लोखंडी काटा, वाजवला की थरथरणारा, तिच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि म्हणाले, थरथर थांबली की सांगा. दोन-तीन क्षणांत आई म्हणाली, “थांबला.” डॉक्टरांनी काहीच न बोलता तोच काटा माझ्या बोटाच्या हाडावर ठेवला. तो अजून छान घुमत होता. मग घोट्यावर ठेवला तर आईलाही कळला. त्या एका काट्याने तिचं दुखणं कुठपर्यंत चढलंय ते दाखवून दिलं.

तो १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. दुसरं साधन म्हणजे नायलॉनचा एक तंतू, मोनोफिलामेंट. तळव्यावर दाबला की बरोबर १० ग्रॅम जोर पडल्यावर तो वाकतो. तो टेकलेला कळला नाही तर पायाचं संरक्षण गेलं असं समजतात. याशिवाय घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया बघतात आणि पायाची नाडी चाचपतात. नसांचा वेग मोजणारी मशीनची तपासणी काहींना लागते. पण ती जाड तंतूंची असते. फक्त बारीक तंतू खराब असतील तर तिचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पाय जळत राहतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे रुग्ण खोटं बोलतोय, असं नाही.

मधुमेह असणाऱ्याने वर्षातून निदान एकदा ही पायांची तपासणी करून घ्यायलाच हवी. गर्दीच्या ओपीडीत साखर बघून गोळ्या लिहून दिल्या जातात आणि पाय बघायचे राहतात. आपणच चप्पल काढून पाय पुढे करावे आणि सांगावं, डॉक्टर, एकदा बघता का? रक्ताच्या तपासण्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर, बी १२, थायरॉइड आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन एवढं तरी एकदा व्हावं.

आग कमी करणारी औषधं

अंगदुखीची नेहमीची गोळी, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, या दुखण्यावर काम करत नाही. ती गोळी सूज आणि जखमेच्या वेदनेसाठी. इथे वेदना तंतूंच्या खोट्या ओरडीची आहे. त्या गोळ्या रोज खाल्ल्या तर पाय तसेच जळतात आणि मूत्रपिंडांचं नुकसान मात्र होतं, मधुमेहींच्या बाबतीत तर फारच. बाजारच्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलमधून चार-चार पट्ट्या नेणारी माणसं बघितली की जीव तुटतो.

उपयोगी पडणारी औषधं तंतूंची आणि मेंदूची ती ओरड दाबतात. प्रीगॅबॅलिन आणि गॅबापेंटिन ही मुळात फिट्सवरची, अॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही मुळात उदासीनतेवरची. त्यामुळे इंटरनेटवर नाव शोधून “मला वेड लागलंय का, ही गोळी कशाला दिली” असं वाटून बरेच जण औषध टाकून देतात. असं करू नका, डोस वेगळा आणि कारणही वेगळं असतं. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ साली लॅन्सेट या नियतकालिकात छापलेल्या एका चाचणीत अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबॅलिन यांचा मधुमेही न्यूरोपथीत साधारण सारखाच उपयोग दिसला, आणि एकाने पुरेसं झालं नाही तेव्हा दुसऱ्याची जोड दिल्यावर आणखी आराम पडला. म्हणजे कुठली गोळी, हे ठरतं ते मुख्यतः दुष्परिणाम आणि किंमत बघून. अॅमिट्रिप्टिलिन स्वस्त आहे, झोपही देतं, पण तोंड कोरडं पडतं, आणि प्रोस्टेटचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना जपून द्यावं लागतं. प्रीगॅबॅलिनने गुंगी, चक्कर, पायांवर सूज येऊ शकते. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळ होते. म्हणून डॉक्टर सहसा कमी डोसने सुरुवात करून हळूहळू वाढवतात.

दोन गोष्टींची तयारी मनात ठेवावी. पहिली, गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून औषध बदलत बसू नये. दुसरी, वेदना शून्य होईल अशी अपेक्षा धरू नये. निम्म्याने कमी झाली आणि रात्री झोप लागू लागली, तर औषध लागू पडलं असं डॉक्टर धरतात. आईच्या बाबतीतही तेवढंच झालं, पण सलग झोप मिळू लागल्यावर ती पुन्हा माणसांत बोलू लागली. ही औषधं अचानक बंद करू नयेत, कमी करतानाही हळूहळूच.

मिरचीतल्या तिखटापासून बनवलेलं कॅप्सेसिन मलमही मिळतं. सुरुवातीला तेच झोंबतं, नियमित लावलं तर काहींना आराम पडतो. फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही, आणि लावल्यावर हात स्वच्छ धुवायचे.

मुळावर घाव म्हणजे साखर आटोक्यात ठेवणं. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की टाइप १ मधुमेहात साखर काटेकोर ठेवली तर न्यूरोपथी होण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतं. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या टाइप २ मध्ये फक्त साखरेने एवढा फरक पडत नाही, तिथे वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू हेही बघावं लागतं. वर्षानुवर्षं फार वाढलेली साखर दोन-तीन महिन्यांत एकदम खाली आणली तर पायांची आग काही काळ उलट वाढू शकते. अशा वेळी उपचार सोडू नका, डॉक्टरांना सांगा. हा त्रास सहसा काही महिन्यांत ओसरत जातो.

घरात काय करता येतं

साधं गार पाणी, बर्फाचं नव्हे, थोडा वेळ पायांवर घेतलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. चादर पायांना लागते तर अंथरुणाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यावरून चादर सोडा, पाय आत मोकळे राहतात. काहींना उलट सैल सुती मोजे घालून झोपलं की स्पर्शाचा त्रास कमी होतो. दोन्ही करून बघावं.

काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासायची आपली जुनी पद्धत आहे. तिने तंतू बरे होत नाहीत, पण हलक्या हाताने केलं तर मन निवतं, झोप लागते आणि तळवा रोज कुणाच्या तरी नजरेखालून जातो. जखम किंवा फोड असेल तर मात्र नाही. या आजारात पायाचा घामही कमी होतो, कातडी कोरडी पडते आणि टाचांना भेगा जातात. भेगांना कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, उत्तम. फक्त ते उकळतं, चटका बसेल असं ओतायचं नाही, बोटाच्या उबेने मऊ करून लावायचं, आणि बेचक्यांत नाही.

चालणं चालू ठेवा. योग्य पादत्राण घालून रोज चाललं तर वेदना कमी होते, तोलही सुधारतो. जास्त चालवत नसेल तर ओट्याला धरून टाचा वर-खाली करा, खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. तोलाकडे खास लक्ष द्यायला हवं. पाय कुठे टेकलाय हे पायाला कळत नाही, तेव्हा ते काम डोळे करतात. म्हणून न्हाणीत डोक्यावर पाणी ओतताना डोळे मिटले की माणूस झोकांडतो, आणि रात्री अंधारात पडतो. न्हाणीत धरायला दांडी किंवा बसायला स्टूल, मागच्या पडवीत रात्रभर एक छोटा दिवा, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून एकट्याने उतरायचं नाही.

शेक मात्र नको. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं, गरम मिठाची पुरचुंडी, चुलीसमोर पाय धरून बसणं, यातून बधिर पायांवर फोड येतात आणि सकाळी दिसतात. आंघोळीचं पाणीसुद्धा पायाने बघू नका, कोपर बुडवून बघा. डाग देणं, बिब्बा घालणं, काटा काढायला रुईचा चीक लावणं, हे सगळं या पायांसाठी जीवघेणं ठरू शकतं. पायाला झालेलं कुरूप ब्लेडने कापायचं नाही, त्याची तयार पट्टीही लावायची नाही, तिच्यात कातडी जाळणारं आम्ल असतं.

किनाऱ्यावरचे पाय

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर कुष्ठरुग्णांबाबत एक मोठी गोष्ट दाखवून दिली. बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून माणूस भाजतो, कापतो, ठेचकाळतो, तरी तोच हात-पाय वापरत राहतो, आणि त्याने बोटं जातात. काहींची बोटं तर रात्री झोपेत उंदीर कुरतडत, आणि त्यांना जाग येत नसे. मधुमेहाच्या बधिर पायालाही हेच लागू आहे. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी नीट खोचून झोपावं, ती डासांपेक्षाही यासाठी.

आपल्याकडे अनवाणी चालायची सवय फार. सारवलेलं अंगण, खळं, देऊळ, पुळण, रापणीची ओढ म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणं, तिसऱ्या काढायला ओहोटीला खाडीत उतरणं. धड पायांना यात सुख आहे. बधिर पायांना प्रत्येक ठिकाणी वेगळा धोका आहे. खडकाला चिकटलेल्या कालवांची धार पात्यासारखी असते. रापणीच्या जाळ्यातून पडलेल्या शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी वाळूत दडून राहते. एप्रिल-मे महिन्यात दुपारचा कातळ आणि देवळाची फरशी तळवा भाजून काढते. देवाला प्रदक्षिणा घालायची तर सकाळी घाला, नाहीतर जाड मोजे घाला.

पावसात आणखी वेगळं. दिवसभर ओल्या चपला, त्यातून बेचक्यांत चिखल्या, चिखल्यांतून जंतू आत. भातलावणीला बधिर पाय चिखलात घालायचाच असेल तर गमबूट घालून, आणि पायाला चीर असेल तर नाहीच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, आणि तो आत शिरतो तो अशाच चिरांतून. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुऊन, बेचक्यांत जुनं सुती कापड फिरवून कोरडे करायचे. हे एक काम चुकवू नका.

चप्पल अंगठ्याची नको. ती निसटते, आणि तिचा पट्टा बेचकीत घासतो. मागून पट्टा असलेलं, आतून एमसीआर रबराचं, बोटांना ऐसपैस असं सँडल घ्यावं. एमसीआर म्हणजे ते मऊ सूक्ष्म छिद्रांचं रबर, मधुमेहींच्या चपलांसाठी खास वापरतात. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवून बघायचं, खडा असतो, खिळा वर आलेला असतो, आणि आपल्याकडे विंचूही असतो.

आमच्या घरी तिन्हीसांजेनंतर आई पडवीत स्टुलावर बसते आणि मी मोबाईलचा टॉर्च घेऊन तिचे पाय बघते. ज्यांना बघायला कुणी नाही त्यांनी जमिनीवर आरसा ठेवून तळवा बघावा. गेल्या पावसाळ्याआधी एका संध्याकाळी तिच्या डाव्या टाचेच्या भेगेत काहीतरी चकाकलं. ओल्या कापडाने पुसलं तर शिंपल्याचा कपचा, नखाएवढा, कातडीत उभा रुतलेला. कडेला पिवळसर पाणी. तिने दुपारी तिसऱ्या फोडल्या होत्या, मग सगळ्या अंगणातून झाडलोट केली, विहिरीवर गेली, त्या टाचेवर सगळा भार देऊन. मी विचारलं, दुखलं नाही? तर म्हणाली, “माका कळलाच नाय.” त्या रात्री तिच्या पायांची आग नेहमीसारखीच होत होती, आणि टाचेतला कपचा मात्र तिला लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तो काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि भेग भरेपर्यंत टाच टेकवायची नाही असं बजावलं.

रोज बघताना काय शोधायचं? चीर, फोड, बेचकीत पांढरी भिजलेली कातडी, घट्टा आणि त्याच्या आत काळपट ठिपका, नखाच्या कोपऱ्याला लाली, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागणं. घट्ट्याकडे दुर्लक्ष करू नका, त्याच्याखालीच बऱ्याचदा जखम तयार होत असते.

लगेच जायचं ते कधी

पायावर कुठलीही जखम, कितीही लहान आणि न दुखणारी असली तरी, दुसऱ्याच दिवशी दाखवायची. लाली पसरत असेल, घाण वास येत असेल, बोट काळंनिळं पडत असेल किंवा ताप असेल तर त्याच दिवशी. एखादा पाय अचानक लाल, गरम, सुजलेला झाला आणि फारसा दुखत नाही, तर मुरगळला असेल म्हणून तेल चोळत बसू नका. आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असण्याची शक्यता असते, आणि त्यावर चालत राहिलं तर पायाचा आकार कायमचा बिघडतो. काही दिवसांत पायांतली ताकद जाऊन ती कमजोरी वर चढत असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, तर तो वेगळाच तातडीचा आजार आहे, थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं.

दवाखान्यात पोचेपर्यंत जखम साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं स्वच्छ कापड सैल बांधा. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, काहीही भरू नका. त्या पायावर चालत जाऊ नका, रिक्षा बोलवा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा साखरेचा रिपोर्ट पिशवीत टाका, आणि नोंदणी करतानाच सांगा की पेशंटला शुगर आहे आणि पाय बधिर आहे.